मधुमेहाची औषधं आणि पुरुषांतला कर्करोग: कोणत्या गोळीबद्दल किती घाबरायचं?

भावोजींनी दोन चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. एक जुन्या डॉक्टरांची, तिच्यात पायोग्लिटाझोन १५. दुसरी नव्या डॉक्टरांची, तिच्यात ते काढून डापाग्लिफ्लोझिन १०. वय ५८, मेटफॉर्मिन आधीपासून चालू, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) अजून आठ टक्क्यांच्या वर. पायोग्लिटाझोनच्या खोक्यातलं घडी घातलेलं माहितीपत्रक त्यांनी चष्मा लावून वाचलं होतं. डापाग्लिफ्लोझिनबद्दल कुणीतरी पाठवलेली एक जुनी बातमी छापून आणली होती. दोन्ही कागदांवर एकच गोष्ट पेनाने गोल केलेली: मूत्राशयाचा कर्करोग.

"आता सांग, यातलं कोणतं घेऊ? की दोन्ही नको?"

मी डॉक्टर नाही. औषधांवरचं वाचणं आणि लिहिणं हे माझं रोजचं काम, एवढंच. पण प्रश्न रास्त होता. वरवर पाहता दोन्ही औषधांवर आरोप एकच, आणि तरी आजच्या घडीला दोघांची बाजू अजिबात सारखी नाही. एकावरचा संशय पंधरा-वीस वर्षांत पुरता धुतला गेला नाही. दुसऱ्यावरचा मोठ्या चाचणीत टिकला नाही. बाकीच्या औषधांचंही असंच आहे: बातमी प्रत्येकाची कधी ना कधी झाली, पण वजन प्रत्येकीचं वेगळं.

आधी आजाराचा हिशेब

औषधावर बोट ठेवण्याआधी मधुमेहाचा स्वतःचा वाटा बाजूला काढावा लागतो, नाहीतर सगळं गणित चुकतं. टाइप २ मधुमेह असलेल्यांत यकृत, स्वादुपिंड, मोठं आतडं, मूत्रपिंड आणि मूत्राशय यांचे कर्करोग इतरांपेक्षा जास्त आढळतात. यकृत आणि स्वादुपिंडाच्या बाबतीत धोका सुमारे दुप्पट, मोठ्या आतड्याच्या बाबतीत त्याहून कमी. वाढलेलं वजन, रक्तात वर्षानुवर्षं चढं राहिलेलं इन्सुलिन, यकृतातली चरबी, ही त्यामागची कारणं. वय आणि तंबाखू तर दोन्ही आजारांना सामाईक.

पुरुषांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र उलटी आहे. प्रोस्टेटचा कर्करोग मधुमेही पुरुषांत थोडा कमी आढळतो. जुन्या मधुमेहात टेस्टोस्टेरॉन कमी असतं, हे एक कारण सांगितलं जातं. दुसरं कारण जरा खोचक आहे. मधुमेही पुरुषांचा पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी बघतात तो रक्तातला आकडा) मुळातच कमी येतो, त्यामुळे पुढची तपासणी होत नाही आणि कर्करोग सापडतही नाही. म्हणजे 'कमी आढळतो' यातला काही भाग 'कमी शोधला जातो' असा असू शकतो. एखाद्या मधुमेहाच्या औषधाने प्रोस्टेटचा धोका घटतो किंवा वाढतो असं वाचलं, की मला आधी ही गोष्ट आठवते.

आणखी एक सापळा आहे. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघतो, वजन उतरत जातं, डॉक्टर नवं औषध चालू करतात, आणि वर्ष-दीड वर्षात स्वादुपिंडाचा कर्करोग सापडतो. घरच्यांना साहजिकच वाटतं, ती गोळी बाधली. प्रत्यक्षात बहुतेकदा क्रम उलटा असतो. गाठ आधीपासून होती आणि तिच्यामुळेच साखर चढली. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या साधारण शंभरातल्या एकाला पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं निदान होतं. वजन वाढत असताना निघालेला मधुमेह नेहमीचा. वजन आपोआप घटत असताना निघालेला मधुमेह मात्र नुसती गोळी देऊन सोडून देण्यासारखा नसतो.

पायोग्लिटाझोन: संशय उरलेलं औषध

हे औषध अमेरिकेत १९९९ मध्ये मंजूर झालं. त्याआधी प्राण्यांवर केलेल्या दोन वर्षांच्या प्रयोगांतच नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या होत्या, माद्यांमध्ये नाही. त्याचा एक खुलासा असा आला की औषधामुळे उंदरांच्या लघवीत खडे-स्फटिक तयार होतात, ते मूत्राशयाच्या अस्तराला घासत राहतात आणि त्यातून गाठ होते. लघवी आम्ल होईल असा आहार दिल्यावर गाठी कमी झाल्या, त्यामुळे खुलाशाला बळ मिळालं. माणसाची लघवी उंदरासारखी नसते, म्हणून विषय तिथे थांबला असता.

तो थांबला नाही. २००५ मध्ये प्रोॲक्टिव्ह नावाच्या चाचणीचे निकाल आले. ५,२३८ रुग्ण, निम्म्यांना पायोग्लिटाझोन, निम्म्यांना बिनऔषधी गोळी. मूत्राशयाचे कर्करोग औषधाच्या गटात १४, दुसऱ्या गटात ६. आकडे इतके लहान की एकट्याने काही सिद्ध होत नाही, पण नर उंदरांची आठवण ताजी होती.

मग फ्रान्सने आपल्या आरोग्य विम्याच्या नोंदी उघडल्या. सुमारे १५ लाख मधुमेही, २००६ ते २००९. पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रमाण २२ टक्के जास्त निघालं. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की पुरुष वेगळे काढल्यावर ही वाढ २८ टक्के होती आणि स्त्रियांमध्ये ती दिसलीच नाही. जून २०११ मध्ये फ्रान्सने औषध थांबवलं, जर्मनीने नव्या रुग्णांना सुरू करू नका असं सांगितलं, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, एक वर्षाहून जास्त वापराबद्दल इशारा छापायला लावला. भारतात जून २०१३ मध्ये विक्री थांबली आणि पुढच्याच महिन्यात, जुलैअखेरीस, ठळक इशाऱ्याच्या अटीवर परत सुरू झाली.

इथपर्यंतची बातमी सगळ्यांना माहीत असते. पुढचं कमी जणांना. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या जवळपास १ लाख ९३ हजार रुग्णांचा दहा वर्षांचा अभ्यास आला. त्यात मूत्राशयाच्या कर्करोगाची वाढ फक्त ६ टक्के निघाली, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने नसल्यात जमा. औषध सुटलं, असं म्हणायच्या आत २०१६ मध्ये ब्रिटनच्या १ लाख ४५ हजार रुग्णांच्या नोंदींतून ६३ टक्के वाढ समोर आली. त्याच नोंदींत त्याच कुळातल्या रोसिग्लिटाझोनचा दोष निघाला नाही, म्हणजे अख्ख्या कुळावर खापर फोडता येत नव्हतं. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये एफडीएने पुन्हा सगळं तपासून 'धोका वाढू शकतो' हे आपलं म्हणणं कायम ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, पायोग्लिटाझोनला '२ए' म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आहे. रोसिग्लिटाझोनला मात्र 'ठरवता येत नाही' अशा गटात.

६३ टक्के हा आकडा ऐकून पोटात गोळा येतो. म्हणून त्याच ब्रिटिश अभ्यासातले मूळ आकडे बघा. एक लाख माणसं एक वर्षभर औषध घेतात असं धरलं, तर पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांत सुमारे १२१ जणांना मूत्राशयाचा कर्करोग झाला, न घेणाऱ्यांत ८९ जणांना. फरक लाखामागे तीसच्या आसपास. एफडीएने २०११ मध्ये काढलेला अंदाजही जवळचाच होता, लाखामागे वर्षाला २७ ते २८ जादा रुग्ण. हा धोका खरा असू शकतो, पण तो लहान आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि इंटरनेटवरच्या भांडणात नेमकी यातली एकच सांगितली जाते.

डोस आणि मुदत इथे महत्त्वाची ठरते. ब्रिटिश आणि फ्रेंच अभ्यासांत धोका दोन वर्षांच्या पुढे आणि एकूण २८,००० मिलिग्रॅमच्या पुढे जास्त दिसतो. आम्ही त्याच टेबलावर भावोजींचा हिशेब केला. रोज १५ मिलिग्रॅम, तीन वर्षं. साधारण साडेसोळा हजार. रोज १५ ने २८,००० गाठायला पाच वर्षं लागतात, ३० ने अडीच वर्षं, ४५ ने पावणेदोन. ही काही लक्ष्मणरेषा नव्हे, अभ्यासकांनी सोयीसाठी पाडलेला कप्पा आहे. तरी आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

हिशेबात एक गंमत झाली. जुन्या कागदांत सहा महिन्यांची अशी एक चिठ्ठी निघाली की तिच्यात पायोग्लिटाझोनचं नावच नव्हतं, फक्त एका जोडगोळीचं ब्रँडनाव. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तीन घटक लिहिले होते: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, पायोग्लिटाझोन. म्हणजे मधले सहा महिने औषध बंद होतं असं भावोजी समजत होते, आणि ते रोज पोटात जात होतं. आपण काय घेतो हे ब्रँडनावावरून कळत नाही. पाकीट उलटं करून घटक वाचावे लागतात.

मग हे औषध कोणी का घ्यावं? कारण त्याला खरे गुण आहेत. पक्षाघात किंवा त्याचा लहान झटका येऊन गेलेल्या, मधुमेह नसलेल्या पण इन्सुलिनला दाद न देणाऱ्या ३,८७६ जणांवर झालेल्या आयरिस चाचणीत पुन्हा पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण जवळपास चौथ्या हिश्श्याने घटलं. यकृतातली चरबी आणि सूज कमी करायलाही ते उपयोगी पडतं. दुसऱ्या पारड्यात वजन वाढणं, पायांवर सूज, हृदय कमजोर असेल तर ते आणखी थकणं, आणि हाडं ठिसूळ होणं. माझं मत विचाराल तर बऱ्याच पुरुषांच्या बाबतीत या औषधाचा निर्णय कर्करोगावर नाही, हृदयाच्या ताकदीवर व्हायला हवा.

२०१५ च्या त्याच अभ्यासात प्रोस्टेटचा कर्करोग १३ टक्के आणि स्वादुपिंडाचा ४१ टक्के जास्त दिसला होता. स्वादुपिंडाबाबत वर सांगितलेला उलटा क्रम इथेही लागू होतो. प्रोस्टेटची वाढ इतकी किरकोळ आहे की तिच्यावर मी तरी निर्णय उभा करणार नाही.

डापाग्लिफ्लोझिन: त्याच आरोपातून सुटलेलं

दुसऱ्या चिठ्ठीची गोष्ट जवळपास त्याच काळात सुरू होते. सुरुवातीच्या २२ चाचण्या एकत्र केल्या तेव्हा डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या ६,०४५ जणांत मूत्राशयाचे १० कर्करोग होते आणि न घेणाऱ्या ३,५१२ जणांत १. जुलै २०११ मध्ये, म्हणजे पायोग्लिटाझोनचं वादळ उठल्याच्या पुढच्याच महिन्यात, एफडीएच्या सल्लागार समितीने ९ विरुद्ध ६ मतांनी औषध नाकारलं. मंजुरी मिळायला जानेवारी २०१४ उजाडलं. भावोजींनी छापून आणलेली बातमी याच काळातली होती.

तेव्हाही या आरोपाबद्दल काही शंका होत्या. बाहेरच्या रसायनामुळे होणारा मूत्राशयाचा कर्करोग वाढायला वर्षानुवर्षं लागतात, इथे तो काही महिन्यांत दिसत होता. काहींच्या लघवीत तर औषध सुरू होण्याआधीच रक्त होतं. शिवाय हे औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. त्याने लघवी वाढते, जंतुसंसर्ग होतात, लघवीच्या तपासण्या जास्त होतात, आणि आधीपासून असलेली गाठ लवकर सापडते.

उत्तर डिक्लेअर चाचणीने दिलं. १७,१६० रुग्ण, साधारण चार वर्षं. मूत्राशयाचे कर्करोग औषधाच्या गटात २६, बिनऔषधी गटात ४५. म्हणजे आधीच्या आकड्यांच्या अगदी उलट. याचा अर्थ हे औषध कर्करोगापासून वाचवतं असाही काढू नये. लहान आकडे इकडचे तिकडे होतात, तेच इथेही घडलं असू शकतं. पण 'याने मूत्राशयाचा कर्करोग होतो' या म्हणण्यात आता फारसा दम राहिलेला नाही.

एक अट लक्षात ठेवा. ज्यांना आधी मूत्राशयाचा कर्करोग झाला होता किंवा ओटीपोटावर किरणोपचार झाले होते, त्यांना डिक्लेअरमध्ये घेतलंच नव्हतं. प्रोस्टेटसाठी किरणोपचार घेतलेले पुरुष या दुसऱ्या गटात येतात. त्यांनी ही चाचणी दाखवून स्वतःची समजूत घालू नये, डॉक्टरांना सगळा इतिहास सांगावा.

याच कुळातल्या कॅनाग्लिफ्लोझिनने नर उंदरांच्या वृषणात गाठी केल्या होत्या. या औषधाच्या मोठ्या मात्रेत उंदरांच्या आतड्यात साखर नीट शोषली जात नाही आणि त्यातून हे घडतं असा खुलासा आहे. माणसांत तसं दिसलेलं नाही. या कुळात पुरुषांना खरोखर सतावतो तो शिश्नाच्या टोकाला होणारा बुरशीचा संसर्ग, खाज आणि लाली. रोज स्वच्छता ठेवली तर बहुतेकांचं निभावतं. गुप्तांगाच्या भागात भयंकर वेदना, सूज आणि ताप असं एकदम झालं तर मात्र ते फोर्नियर गँग्रीन, म्हणजे तिथलं मांस झपाट्याने सडवणारा संसर्ग, असू शकतं. ते फार दुर्मीळ आहे, पण त्यात तास महत्त्वाचे असतात. २०१८ मध्ये एफडीएने त्याचा इशारा दिला. मला विचाराल तर या औषधाच्या माहितीपत्रकात पेनाने गोल करायचा शब्द हा आहे.

मेटफॉर्मिन: कर्करोगावरचं औषध व्हायचं राहिलं

याची गोष्ट उलट्या दिशेची. २००५ मध्ये स्कॉटलंडमधल्या नोंदींवरून एक छोटा लेख छापून आला: मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींना कर्करोग कमी होतो. त्यानंतर असे अभ्यास धो धो आले. कुठे २०, कुठे ३०, कुठे त्याहून जास्त टक्के घट. मधुमेह नसलेले लोकही 'सुरक्षित आहे, घेऊन टाकू' म्हणायला लागले.

यातल्या बऱ्याच अभ्यासांत मोजणीचीच चूक होती. उदाहरणाने सांगतो. एका माणसाला २००० मध्ये मधुमेह निघाला, पाच वर्षं तो दुसऱ्या गोळीवर होता, २००५ मध्ये मेटफॉर्मिन सुरू झालं. अभ्यासकाने त्याला 'मेटफॉर्मिनवाला' ठरवलं आणि त्याची मोजणी २००० पासून केली. आता ती पाच वर्षं कर्करोगाशिवाय गेली याचं श्रेय न घेतलेल्या औषधाला मिळालं. याच माणसाला २००२ मध्ये कर्करोग झाला असता तर तो आपोआप 'मेटफॉर्मिन न घेणारा' या रकान्यात पडला असता. औषध दोन्हीकडून जिंकणारच. २०१२ मध्ये ही चूक नीट उलगडून दाखवली गेली, आणि ती काढल्यावर फायदा बराचसा विरघळला.

पुरुषांसाठी खरी परीक्षा प्रोस्टेटची. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमधल्या स्टॅम्पीड चाचणीत प्रोस्टेटचा कर्करोग पसरलेल्या, मधुमेह नसलेल्या १,८७४ पुरुषांवर मेटफॉर्मिन तपासलं गेलं. आयुष्य वाढल्याचं खात्रीने म्हणता येईल इतका फरक निघाला नाही. कमी धोक्याचा प्रोस्टेट कर्करोग असलेल्या, नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या सुमारे चारशे पुरुषांवर कॅनडात चाचणी झाली, तिथेही आजार पुढे सरकायचा थांबला नाही. स्टॅम्पीडमध्ये एक उपयोगी गोष्ट मात्र सापडली. प्रोस्टेटसाठी टेस्टोस्टेरॉन दाबणारे उपचार घेणाऱ्यांचं वजन आणि साखर वाढते, ती वाढ मेटफॉर्मिनने आवरली. असे उपचार चालू असलेल्या पुरुषासाठी हे कमी नाही.

तेव्हा मेटफॉर्मिन घ्यायचं ते साखरेसाठी. कर्करोगाच्या बाबतीत ते निरुपद्रवी आहे, एवढं पुरे. २०२० मध्ये अमेरिकेत दीर्घकाळ काम करणाऱ्या मेटफॉर्मिनच्या काही बॅचेस परत मागवल्या गेल्या, त्यांत एनडीएमए ही बहुधा कर्करोगकारक अशुद्धी ठरलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे दिवसाला ९६ नॅनोग्रॅमपेक्षा, जास्त होती. तो दोष उत्पादनाचा. मेटफॉर्मिनच्या रेणूचा त्यात काही हात नाही.

सुईचे दोन प्रकार

इन्सुलिन म्हटलं की 'ते वाढ घडवून आणणारं संप्रेरक, मग गाठीही वाढवणार' हा तर्क लगेच येतो. २००९ मध्ये ग्लार्जिन या दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनबद्दल जर्मनीतून असाच अभ्यास आला आणि खूप रुग्ण हादरले. तीन वर्षांनी ओरिजिन चाचणी आली: १२,५३७ जण, सहा वर्षांहून थोडा जास्त काळ. कर्करोगाचं प्रमाण दोन्ही गटांत तंतोतंत सारखं, गुणोत्तर १.००. इतकं स्वच्छ उत्तर या विषयात क्वचित मिळतं. ज्यांना इन्सुलिनची गरज आहे त्यांनी कर्करोगाच्या भीतीने ते लांबवणं मला सरळ चूक वाटते.

सुईचा दुसरा प्रकार जीएलपी-१ कुळाचा. त्यातल्या लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड वगैरे औषधांवर थायरॉइडच्या कर्करोगाचा इशारा आहे. उंदरांच्या थायरॉइडमधल्या सी-पेशींत त्यांनी गाठी केल्या. पण त्या पेशींवर या औषधाचे ग्राहक, म्हणजे औषध जिथे चिकटतं त्या जागा, उंदरांत भरपूर असतात, माणसांत फार कमी. फ्रान्समधल्या एका अभ्यासात एक ते तीन वर्षांच्या वापरानंतर थायरॉइडचा कर्करोग जास्त दिसला. युरोपच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये पुरावे तपासून कार्यकारण सिद्ध होत नसल्याचं सांगितलं, आणि २०२४ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनच्या १ लाख ४५ हजार रुग्णांतही वाढ दिसली नाही. ज्यांच्या घरात मेड्युलरी, म्हणजे याच सी-पेशींचा, थायरॉइड कर्करोग झालेला आहे, त्यांनी मात्र हे औषध घ्यायचं नाही. तिथे वाद नाही.

लिराग्लुटाइडच्या ९,३४० रुग्णांच्या लीडर चाचणीतले दोन आकडे शेजारी ठेवण्यासारखे आहेत. प्रोस्टेटचे कर्करोग औषधाच्या गटात २६, बिनऔषधी गटात ४७. स्वादुपिंडाचे १३ आणि ५. ज्याला औषध विकायचं आहे तो पहिला आकडा सांगेल, ज्याला घाबरवायचं आहे तो दुसरा. चाचणी एकच. डझनभर कर्करोग वेगवेगळे मोजले की काही इकडे झुकतात, काही तिकडे. नंतरच्या मोठ्या नोंदींत या औषधांवर असलेल्यांना वजनाशी जोडलेले बरेच कर्करोग इन्सुलिनवरच्या लोकांपेक्षा कमी झालेले दिसतात, मूत्रपिंडाच्या कर्करोगाबाबत थोडं प्रश्नचिन्ह आहे. वजन खरोखर उतरलं तर कर्करोगाचा धोका घटणं पटण्यासारखं आहे. त्यासाठी लागणारी वर्षं अजून उलटायची आहेत.

राहिलेली दोन कुळं

सिटाग्लिप्टिनसारख्या डीपीपी-४ गोळ्यांवर २०१३ च्या सुमारास स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा आरोप झाला. सिटाग्लिप्टिनच्या टेकोस चाचणीत असे रुग्ण ९ विरुद्ध १४ निघाले, सॅक्साग्लिप्टिनच्या चाचणीत ५ विरुद्ध १२. दोन्हीकडे औषधाच्या बाजूचा आकडा लहान. विषय जवळपास मिटला. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जुन्या गोळ्यांची बदनामी झाली ती मुख्यतः मेटफॉर्मिनशी तुलना करताना, आणि ती तुलना किती वाकडी होती ते वर आलंच. त्यांच्या बाबतीत काळजी करायची ती साखर एकदम खाली जाण्याची.

मग कोणी काय निवडायचं

अमेरिकेची मधुमेह संघटना आणि कर्करोग संस्था यांनी २०१० मध्ये एकत्र बसून सांगितलं होतं, की बहुतेक रुग्णांच्या बाबतीत औषध निवडताना कर्करोगाचा धोका हा मुख्य मुद्दा असू नये. मला ते आजही पटतं, पण 'बहुतेक' या शब्दाबाहेर काही पुरुष राहतात.

आधी मूत्राशयाचा कर्करोग झालेला असेल किंवा लघवीतून रक्त जातं आणि कारण शोधलेलं नाही, तर पायोग्लिटाझोन नको. धूम्रपान करणारा, किंवा रंग आणि रबर उद्योगातल्या रसायनांत उमेदीची वर्षं घालवलेला पुरुष असेल, तर दुसरा पर्याय चालत असताना मी तरी पायोग्लिटाझोनकडे वळणार नाही. मूत्राशयाचा कर्करोग पुरुषांत स्त्रियांच्या तिप्पट-चौपट होतो आणि त्यातल्या जवळपास निम्म्याचं कारण तंबाखू असतं. आधीच उंच असलेल्या पायरीवर आणखी एक वीट कशाला ठेवायची? उलट कधी सिगारेट न ओढलेला, हृदय दणकट असलेला, यकृतात चरबी साठलेला पन्नाशीचा माणूस लहान डोसवर ठीक चालला असेल, तर त्याने एका बातमीमुळे गोळी सोडू नये. त्याने दरवर्षी लघवीची साधी तपासणी करावी. लघवीला कधीही लालसर रंग दिसला, दुखत नसलं तरी, आणि तो एकदाच येऊन गेला तरी, दाखवावं. मूत्राशयाचा कर्करोग बहुतेकदा असाच, न दुखता, एकदा डोकावून जातो.

पक्षाघात होऊन गेलेल्याचा निर्णय सगळ्यात अवघड. तिथे पायोग्लिटाझोनचा फायदा शेकड्यात मोजता येतो आणि कर्करोगाचा धोका लाखात. असा माणूस सिगारेटही ओढत असेल, तर मी उत्तर देणार नाही. ते त्याच्या डॉक्टरांबरोबर, सगळे कागद समोर ठेवून ठरायला हवं.

भावोजींची वीस वर्षांची सिगारेट होती, चार वर्षांपूर्वी सुटलेली. पायावर हलकी सूज होती, तिच्याकडे त्यांनी लक्षच दिलं नव्हतं. लघवीची तपासणी केली, रक्त नव्हतं. नव्या डॉक्टरांना त्यांनी साडेसोळा हजारांचा हिशेब, त्या जोडगोळीची चिठ्ठी आणि सूज, तिन्ही सांगितलं. जुनी गोळी थांबली, नवी सुरू झाली. दोन आठवड्यांनी फोन आला.

"अरे, रात्री तीनदा उठावं लागतं. हे औषधामुळे की प्रोस्टेटमुळे?"

"गोळी कधी घेता?"

"रात्री, झोपताना."

"डॉक्टरांना विचारून सकाळी घेऊन बघा," मी म्हटलं, "आणि तरीही उठावं लागलं तर प्रोस्टेट दाखवून घ्या."